‘सर्व्हर डाऊन’ म्हणण्याआधी स्क्रीनवरची ओळ वाचा

चाकण : माल भरलाय, टेम्पो गेटवर उभा आहे, पण कॉम्प्युटरवर बिल निघत नाही. निघोजे, महाळुंगे, कुरुळी भागातल्या छोट्या शेडमध्ये हे नवीन नाही. राज्यातल्या राज्यात १ लाखावरचा माल न्यायचा तर ई-वे बिल लागतं, आणि बिलाचा नंबरच नाही तर ते भरणार कसं? मग ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणत सगळे बसून राहतात.

बिलाचा प्रोग्राम जावामधला असेल तर शेडमधला कॉम्प्युटर बहुतेक वेळा नुसती माहिती पाठवतो. खरं काम करणारा ॲप्लिकेशन सर्व्हर भोसरीच्या ऑफिसात, नाहीतर त्याहूनही लांब असतो. मधे अडलं की इंग्रजीत एरर येतो आणि ऑपरेटर तो घाईनं बंद करतो. बिघाड कुठंय ते त्याच ओळीत लिहिलेलं असतं.

‘अननोन होस्ट’ आलं तर सर्व्हरचा पत्ताच सापडला नाही. नाव चुकीचं टाकलंय किंवा नेट बंद आहे.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे बहुधा मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर ऐकायला कोणी नाही. पोर्ट म्हणजे इमारतीतल्या खोलीचा नंबर समजा. जावासाठी टॉमकॅट हा सर्व्हर खूप वापरतात, त्याचा ठरलेला पोर्ट ८०८०. लाईट जाऊन आल्यावर मशीन चालू होतं, पण टॉमकॅट आपोआप चालू व्हायची सोय केलेली नसेल तर तो बंदच राहतो. दुसरं कारण, सर्व्हर नव्या जागी हलवला आणि सेटिंगमध्ये ‘लोकलहोस्ट’ तसंच राहिलं. लोकलहोस्ट म्हणजे हेच मशीन. प्रोग्राम मग स्वतःचंच दार वाजवत बसतो!

‘टाइम्ड आउट’ म्हणजे पलीकडून उत्तरच नाही. नेट किंवा फायरवॉल बघावी लागते. सर्व्हर इंटरनेटवर असेल तर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर करून बघा. तिथं चाललं तर दोष शेडच्या लाईनचा. पिंगला उत्तर नाही म्हणून सर्व्हर बंद धरू नका, पुष्कळ ठिकाणी पिंग मुद्दाम बंद ठेवतात.

५०० किंवा ५०३ आकडा दिसला तर लाईन ठीक आहे, बिघाड पलीकडच्या प्रोग्राममध्ये आहे. राऊटर बंद-चालू करून काही होत नाही.

सपोर्टवाल्याला फोन करताना एररचा फोटो, वेळ, आणि एकच कॉम्प्युटर अडलाय की सगळे, एवढं आधी सांगा.