जादूगाराने काय सोडायचं?

दोस्तांनो, समजा कुणी तुम्हाला म्हणालं, "हवी ती जादू शीक, पण त्याबदल्यात दुसरी एक कायमची सोड," तर तुम्ही काय सोडाल? 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ रचणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर पुन्हा पुन्हा बदललंय!

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकन जोडीचा हा खेळ १९७४ साली आला. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. लागतात ते कागद, पेन्सिल आणि तऱ्हेतऱ्हेचे फासे. (आईबाबांनो, खर्च बेताचाच!)

१९८९ च्या आवृत्तीत जादूच्या आठ शाखा एका चक्रात समोरासमोर मांडल्या होत्या. आग-विजेच्या जादूसमोर मोहिनी, आभासासमोर मृत्यूची विद्या. एका शाखेत तरबेज झालात की मंत्रांच्या प्रत्येक पातळीवर एक मंत्र जास्त मिळे, पण विरुद्ध शाखांची दारं बंद.

आता कल्पना करा. तुम्ही आगीचे जादूगार आहात. किल्ल्याच्या दारात पहारेकरी उभा आहे. मोहिनी घालता आली असती तर तो हसत बाजूला झाला असता. पण ती तर तुम्ही सोडलीत! आगीचा गोळा फेकाल, तर सगळा किल्ला जागा होईल. मग चोराला पुढे पाठवायचं, की सरळ थाप मारायची? खेळाला खरी रंगत येते ती इथे.

पण या चक्रात एक खोट होती. आभासवाल्याला तीन शाखा सोडाव्या लागत आणि गुप्त गोष्टी जाणणाऱ्याला एकच. बक्षीस मात्र दोघांना सारखंच. हा कुठला न्याय?

म्हणून २००३ च्या नियमांत ठरलं की बहुतेकांनी दोन शाखा सोडायच्या, त्याही आपल्या पसंतीच्या. गुप्त गोष्टी जाणण्याची विद्या मात्र कुणीच सोडायची नाही. तिच्यात तरबेज होणाऱ्याने एकच शाखा सोडायची. हिशेब बराच जुळला, पण मग हुशार खेळाडू काय करणार? ज्याचा उपयोग कमी, तेच सोडणार. नावडती भाजी सोडून उपास केल्यासारखं!

२००९ साली 'पाथफाइंडर' या भावंड-खेळाने मधली वाट काढली. विरुद्ध शाखेचा मंत्र वापरता येईल, पण तो दोन मंत्रांची जागा खाईल. मला हा तोडगा सगळ्यात आवडतो. दार बंद नाही, नुसतं जड आहे. उलट 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या आवृत्तीत तर काहीच सोडावं लागत नव्हतं. सोय झाली खरी, पण पहारेकऱ्यासमोरची ती पंचाईतही गेली.

सुट्टीत तुमचं स्वतःचं चक्र काढून बघा. चारच शाखा पुरेत. फक्त आगीसमोर पाणी ठेवू नका, ते सगळेच ठेवतात. आगीसमोर आठवण ठेवली तर? आग वापरणारा जादूगार दर वेळी काय विसरेल, ते तुम्हीच ठरवा.