नर्सिंग प्रवेशाची प्रतीक्षा : अर्जापासून यादीपर्यंत

जून-जुलै महिन्यांत आपल्या चर्चच्या सूचनाफलकावरील मिस्साच्या हेतूंची यादी वाचली, तर त्यात एक हेतू हमखास आढळतो : 'नर्सिंगला प्रवेश मिळावा म्हणून'. कधी नावासह, कधी नावाविना. बुधवारी माहीमच्या नोव्हेनाला जाणाऱ्या मातांच्या मनातही याच दिवसांत हीच विनंती असते. आपल्या समाजात परिचर्येचा व्यवसाय घरोघरी पोहोचलेला आहे. एखाद्या कुटुंबात आत्या नर्स, मावशी आखाती देशात नर्स आणि आता भाचीही त्याच वाटेवर, असे चित्र विरळ नाही. पूर्वी मात्र शिफारसपत्र घेऊन मिशन रुग्णालयाच्या मेट्रनला भेटले की काम होत असे. आता तसे राहिले नाही, आणि घरातील वडीलधाऱ्यांचा सल्ला अनेकदा त्या जुन्या अनुभवावरच आधारलेला असतो. म्हणून ही प्रक्रिया आज कशी चालते, ती कुठे अडते आणि प्रतीक्षेच्या काळात काय करावे, हे समजावून सांगण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

प्रथम अभ्यासक्रमांविषयी. बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात, विज्ञान विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के गुण आवश्यक असतात आणि प्रवेशवर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. जी.एन.एम. ही तीन वर्षांची पदविका असून तिला कला किंवा वाणिज्य शाखेतील विद्यार्थीही पात्र ठरतात. ए.एन.एम. दोन वर्षांचा. महाराष्ट्रातील पदवी महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत.

बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याच्या सीईटी कक्षाने २०२३ मध्ये स्वतंत्र प्रवेशपरीक्षा घेतली, आणि या प्रक्रियेत बारावीचे गुण केवळ पात्रतेपुरते असतात. प्रश्न शंभर, वेळ दीड तास, चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत. विज्ञानाच्या तीन विषयांबरोबर इंग्रजी आणि परिचर्येचा कल तपासणारे प्रश्नही असतात. मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्या मुली जीवशास्त्रात मागे पडत नाहीत, इंग्रजीच्या प्रश्नांवर मात्र अडतात, असे आम्हांला वारंवार दिसले आहे. या तयारीला पैसे लागत नाहीत, रोज अर्धा तास इंग्रजी वर्तमानपत्र वाचले तरी पुष्कळ फरक पडतो.

निकाल लागला की पहिला गोंधळ होतो तो पर्सेंटाइलचा. ८० पर्सेंटाइल म्हणजे शंभरपैकी ८० गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के उमेदवार आपल्या बरोबरीचे किंवा आपल्यामागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. एका मातेने मुलीचे गुणपत्रक पाहून चर्चबाहेर पेढे वाटले आणि चार दिवसांनी गुणवत्ता यादीतील क्रमांक पाहून ती रडू लागली, ही आमच्या डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट आहे. प्रवेश ठरतो तो गुणवत्ता क्रमांकावर, प्रवर्गावर आणि आपण भरलेल्या पसंतीक्रमावर.

या पसंतीक्रमाबाबत थोडे सविस्तर लिहिणे गरजेचे वाटते, कारण वर्ष वाया जाण्याचे प्रसंग येथेच घडतात. केंद्रीभूत प्रक्रियेत उमेदवाराने महाविद्यालयांची यादी स्वतःच्या आवडीच्या क्रमाने भरायची असते. अनेक पालक 'मिळण्याची शक्यता' पाहून क्रम लावतात, म्हणजे सहज मिळेल असे वाटणारे महाविद्यालय वर आणि मनापासून हवे असलेले खाली. हे चुकीचे आहे. संगणक यादी वरून खाली वाचतो, आणि वरचे महाविद्यालय आपल्या क्रमांकाला मिळण्यासारखे नसेल तर तो पुढे सरकतो. उच्च पसंती वर लिहिल्याने खालची संधी कमी होत नाही. उलट, नको असलेले महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिले आणि तेच मिळाले, तर पुढील फेरीत बदल मागण्याचा मार्ग बहुधा बंद होतो. म्हणून जेथे आपण मुलीला खरोखर पाठवणार नाही, ते नाव यादीत मुळीच लिहू नये.

जागा मिळाल्यावर मुदतीत जाऊन प्रवेश घ्यायचा. वैद्यकीय शाखांच्या प्रक्रियेत 'स्टेटस रिटेन्शन' नावाचा एक अर्ज असतो. मिळालेली जागाच कायम हवी आहे, असे त्यातून सांगितले जाते. तो न भरता प्रवेश घेतला तर पुढील फेरीत अधिक वरच्या पसंतीची जागा मिळू शकते, मात्र ती मिळताच आधीची जागा आपोआप सुटते. दोन्ही हाती धरता येत नाहीत. सही करण्यापूर्वी त्या वर्षाची माहितीपुस्तिका संपूर्ण वाचावी. ती इंग्रजीत असते व लांबलचक असते. घरात वाचणारे कोणी नसेल तर पॅरिशमधील एखाद्या शिक्षकाला विनंती करावी. यात संकोच कसला?

आता कागदपत्रांविषयी, कारण येथे आपल्या समाजाच्या अडचणी इतरांहून वेगळ्या आहेत. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधार कार्डावर तिसरे, हा आपल्याकडील जुना दोष. घोन्साल्विस, गोन्साल्वीस, घोन्सालवेस ही एकाच घरातील तीन भावंडांची आडनावे असू शकतात. डिमेलोमधील वरचे चिन्ह एका दाखल्यावर असते, दुसऱ्यावर नसते. घरी हाक मारायचे नाव शाळेत लागले आणि बाप्तिस्म्याचे नाव मागे राहिले, असेही घडते. अल्पसंख्याक संस्थेतील राखीव जागेसाठी धर्माचा पुरावा लागतो, आणि तेव्हा ही विसंगती उघड होते. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे आलेल्या एका मुलीची जागा गुणांनी मिळालेली होती, पण दोन दाखल्यांवरील नावे जुळत नाहीत म्हणून पडताळणीत ती अडली, आणि प्रतिज्ञापत्र होईपर्यंत फेरी संपून गेली.

धर्मगुरूंनी नोंदवहीतील नाव बदलून द्यावे, असा आग्रह काही पालक धरतात. ते शक्य नाही आणि योग्यही नाही. बाप्तिस्म्याची नोंद हा चर्चचा कायमचा दस्तऐवज आहे. अधिकृत बदलाची टीप त्यात जोडता येते, मूळ अक्षरे पुसता येत नाहीत. व्यवहारातील उपाय म्हणजे 'ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची' असे प्रतिज्ञापत्र, आणि फरक मोठा असेल तर शासकीय राजपत्रात नावबदलाची प्रसिद्धी. दोन्हींना वेळ लागतो. दहावी झाल्याबरोबर सर्व दाखले एका टेबलावर पसरून नावे जुळवून पाहिली, तर बारावीनंतरची धावपळ टळते.

जातीच्या दाखल्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. डहाणू-तलासरी भागातील आपल्या आदिवासी बंधुभगिनींनी हे ध्यानात ठेवावे की अनुसूचित जमातीच्या सूचीला धर्माची अट नाही. ख्रिस्ती वारली उमेदवार जमातीच्या प्रवर्गातून अर्ज करू शकतो. अनुसूचित जातींच्या बाबतीत मात्र १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती व्यक्ती त्या प्रवर्गात बसत नाही. मराठवाडा व अहिल्यानगर भागातील आपल्या कुटुंबांची ही जुनी वेदना आहे. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश महाराष्ट्रात इतर मागासवर्गात होतो, आणि त्यासाठी जातवैधता व नॉन क्रीमीलेअर ही दोन्ही प्रमाणपत्रे लागतात. जातवैधतेला महिनोन् महिने लागू शकतात. अकरावीतच अर्ज केलेला बरा. याच संदर्भात, जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गांतील, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले. त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. एजंटामार्फत व्यवस्थापन कोट्यात घेतलेल्या प्रवेशाला हा लाभ नाही, हे अनेकांना पैसे भरल्यावर कळते.

एजंटांविषयी एवढेच सांगतो. यादीची वाट पाहणाऱ्या घरी जुलैमध्ये फोन येऊ लागतात : परराज्यात जागा आहे, आजच रक्कम भरा, परीक्षा लागत नाही. त्या महाविद्यालयाला कोणत्या विद्यापीठाची संलग्नता आहे, त्या राज्याच्या परिचर्या परिषदेची मान्यता आहे काय, आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत त्याचे नाव आहे काय, हे तीन प्रश्न विचारावेत. पदवीनंतर नोंदणी झाली नाही तर देशात नोकरी नाही आणि परदेशाचे दारही बंद. आखातात किंवा आयर्लंडला जाण्याचे स्वप्न पाहणाऱ्यांनी तर हे आधी पाहावे.

चर्चच्या संस्थांचा मार्ग वेगळा आहे. भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेने १९६३ साली बंगळुरूत सुरू केलेल्या सेंट जॉन्स संस्थेत नर्सिंगचे शिक्षणही मिळते व तेथे कॅथोलिक उमेदवारांना प्राधान्य असते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची स्वतःची निवडपद्धत आहे. अशा ठिकाणी धर्मगुरूंचे पत्र मागितले जाते. ते पत्र उमेदवार मिस्साला येतो की नाही, पॅरिशमध्ये काय करतो, याची साक्ष असते. वर्षभर चर्चमध्ये न दिसलेल्या मुलाला शेवटच्या दिवशी असे पत्र देताना फादरांची कुचंबणा होते, याचाही विचार व्हावा.

मुलांविषयी दोन शब्द. लष्करी परिचर्या सेवेचा बी.एस्सी. अभ्यासक्रम केवळ मुलींसाठी आहे, पण राज्यातील बहुतेक महाविद्यालये मुलांनाही प्रवेश देतात. तरीही 'नर्सिंग मुलींचे' म्हणून मुलगे मागे सरतात. चर्चने परिचारक-परिचारिकांचे आश्रयदाते म्हणून दिलेले दोन्ही संत, देवाचे संत योहान आणि संत कॅमिलस, पुरुष होते, आणि दोघेही आधी सैनिक होते. कॅमिलस तर जुगारात सर्वस्व हरलेला. कॅपुचिन मठात प्रवेश मागितला असता पायाच्या जखमेमुळे त्याला नाकारण्यात आले. तो रोमच्या सान जाकोमो रुग्णालयात परतला, तेथे रुग्णांची सेवा करू लागला, पुढे त्या रुग्णालयाचा व्यवस्थापक झाला आणि रुग्णसेवेसाठी त्याने स्वतःचा संघ स्थापिला. त्याचा सण १४ जुलैला येतो, बहुधा आपल्या याद्या लागण्याच्याच धामधुमीत.

यादीच्या दिवसांत घरात काय होते, हे आम्ही पाहिले आहे. मुलगी दर तासाला मोबाइल पाहते, वडील काही बोलत नाहीत, शेजारच्या बाईंचा प्रश्न दारातच उभा असतो. नातेवाइकांनी या काळात निकाल विचारू नये, अशी आमची स्पष्ट विनंती आहे. प्रवेश मिळाला तर त्या स्वतःच सांगतील. आणि पहिल्या फेरीत नाव आले नाही म्हणजे दार बंद झाले असे नाही. काहीजण अन्य शाखांत जातात, जागा सुटतात, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत क्रमांक पुढे सरकतो, आणि शेवटी संस्थास्तरीय फेरीही असते. जी.एन.एम.चा अर्ज सोबत भरलेला असावा. पदविकेनंतर दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून तीच पदवी मिळवता येते. आज मोठ्या रुग्णालयांत प्रभारी म्हणून काम करणाऱ्या आपल्या कित्येक भगिनी या वाटेने गेल्या आहेत.

प्रवेश मिळाल्यावर मूळ दाखले महाविद्यालयात जमा होतात. त्यापूर्वी प्रत्येकाच्या चार साक्षांकित प्रती काढून घ्याव्यात आणि भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती जपून ठेवावी. प्रवेश रद्द करायचा झाल्यास शेवटच्या फेरीआधीच लेखी अर्ज द्यावा, मुदत उलटल्यावर शुल्क व दाखले दोन्ही परत मिळवणे कठीण होते. बाप्तिस्म्याचा दाखला हवा असल्यास पॅरिश कार्यालयात आईवडिलांची पूर्ण नावे व जन्मतारीख घेऊन यावे. जुन्या नोंदवह्या चाळायला वेळ लागतो, म्हणून फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी येऊ नये.