विश्लेषण : बटण दाबल्यावर वाजला, म्हणजे हीट अलार्म ठीक आहे?

फोडणीचा धूर झाला की स्मोक अलार्म ठणाणा करणार आणि वैतागून कोणीतरी त्याची बॅटरीच काढून ठेवणार. म्हणून स्वयंपाकघरात हीट अलार्म लावतात. तो धुरावर नव्हे, तापमानावर वाजतो. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात तो सक्तीचा आहे. आपल्याकडे नव्या टॉवरमधल्या अनेक फ्लॅटमध्ये छताला तशीच पांढरी डबी, म्हणजे हीट डिटेक्टर, दिसतो. तो चालू आहे का, हे मात्र क्वचितच कोणी पाहते.

बटण दाबून काय कळते?

छताजवळची हवा साधारण ५७-५८ अंश सेल्सिअसपर्यंत तापली की बहुतेक हीट अलार्म वाजतात. टेस्ट बटण दाबल्यावर बॅटरी, सर्किट आणि भोंगा ठीक असल्याचे कळते. महिन्यातून एकदा ते दाबावेच. पण त्या वेळी अलार्मपर्यंत प्रत्यक्ष उष्णता पोहोचलेली नसते. जाळीवर तेलकट काजळीचा थर असेल किंवा रंगाऱ्याने ती रंगवून टाकली असेल, तरी तो खणखणीत वाजू शकतो. त्यामुळे स्टुलावर चढून एकदा नीट पाहा. जाळी कोरड्या ब्रशने साफ करा. रंग बसला असेल तर अलार्म बदला.

लायटर धरून पाहिले तर?

अजिबात नको. प्लास्टिक वितळते, आतला सेन्सर बिघडतो आणि आग लागण्याचा धोका वेगळाच. तंत्रज्ञ यासाठी लांब काठीवर बसवलेले, मोजकी गरम हवा सोडणारे यंत्र वापरतात.

पॅनेलला जोडलेल्या डिटेक्टरवर सहसा बटण नसते. लुकलुकणारा लाल दिवा फार तर वीजपुरवठा असल्याचे सांगतो. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार, तो लागू असलेल्या इमारतींना दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र द्यावे लागते. ते काम अनेकदा लॉबीतच उरकते, अशी शंका घ्यायला जागा आहे. माणूस आला की सरळ विचारा : आमच्या स्वयंपाकघरातला डिटेक्टर गरम हवेने तपासला का आणि पॅनेलवर आमचा मजला दिसला का?

बॅटरीवरचा अलार्म असेल, तर आणखी एक चाचणी करा. बेडरूमचे दार लावून, पंखा सुरू ठेवून आडवे व्हा आणि कोणाला तरी बटण दाबायला सांगा. आजी-आजोबांच्या खोलीतही हे करून पाहा. आवाज पोहोचत नसेल, तर एक वाजला की सगळे वाजतील असे जोडलेले अलार्म घ्यावे लागतील. बेडरूममध्ये मात्र स्मोक अलार्मच हवा. धुमसणारी गादी खोली तापण्याच्या कितीतरी आधी ती धुराने भरून टाकते.