करार कागदावरचा आणि बांधावरचा

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याच्या सातगाव पठारावर जूनच्या पावसाबरोबर बटाट्याची लागवड होते आणि सप्टेंबरच्या सुमारास तो काढणीला येतो. एरवी मंचरच्या बाजारात जाणाऱ्या या बटाट्याकडे वेफर्स बनवणाऱ्या कंपन्यांचे लक्ष गेले, त्याचे कारण कॅलेंडरमध्ये दडलेले आहे. उत्तर भारतातील बटाटा जानेवारी ते मार्चमध्ये निघतो आणि पावसाळ्यात तो शीतगृहात असतो. फार थंडीत ठेवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होऊ लागते आणि असा बटाटा तळला की काप तपकिरी पडतात. अशा काळात महाराष्ट्राच्या खरिपातील ताजा बटाटा कारखान्याला हवाहवासा वाटतो. रांजणगावचा वेफर्सचा कारखानाही याच जिल्ह्यात आहे. करार शेतीत कंपनी ही शेतकऱ्यावर उपकार करणारी संस्था नसते. तिलाही एक नड असते. ही नड शेतकऱ्याला ठाऊक असली, तर वाटाघाटींचा सूर बदलतो.

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील ८६ टक्के वहितधारक दोन हेक्टरांच्या आतले असून सरासरी धारणा अवघी १.०८ हेक्टर आहे. दहा एकरांच्या एका शेतकऱ्याशी करार करणे आणि एकेक एकराच्या दहा शेतकऱ्यांशी करार करणे, यांत कंपनीच्या खर्चाचा मोठा फरक पडतो. बियाणे पोचवणे, पिकाची पाहणी, तोलाई, पैसे चुकते करणे हे सारे दहापट होते. त्यामुळे कंपन्यांचा कल साहजिकच सिंचनाची सोय असलेल्या मोठ्या शेतकऱ्यांकडे झुकतो. लहान शेतकरी आत आलाच, तर तो बहुधा गावातील एखाद्या मध्यस्थामार्फत येतो. कंपनीचे नाव कागदावर असले, तरी शेतकऱ्याचा प्रत्यक्ष व्यवहार त्या मध्यस्थाशीच होतो. आडत्या टाळण्यासाठी केलेल्या करारात आडत्याच वेगळ्या नावाने परत येतो, ही यातील गंमत.

याहून कमी बोलली जाणारी गोष्ट सातबाऱ्याची आहे. करार जमीनमालकाच्या नावाने होतो. वाट्याने शेती करणारा त्यात नसतो, आणि खुरपणीपासून प्रतवारीपर्यंत राबणाऱ्या बाईचे नाव उताऱ्यावर नसेल, तर तीही नसते. कंपनीचे प्रशिक्षण भरते तेव्हा निमंत्रण खातेदाराला जाते. रोग-कीड आधी जिच्या नजरेस पडते, ती मात्र त्या वेळी शेतात असते.

भाव आणि प्रत

करार मोडतात ते मुख्यतः दोन जागी. पहिली भावाची. ऑगस्ट २०२१ मध्ये नाशिक परिसरात टोमॅटो किलोला दोन-तीन रुपयांवर आला आणि शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला. जुलै २०२३ मध्ये तोच टोमॅटो किरकोळ बाजारात शंभरी ओलांडून गेला. इतक्या चढउताराच्या पिकात एकच ठरीव भाव दोघांनाही बांधून ठेवू शकत नाही. बाजार चढला की माल बाहेर जातो आणि बाजार पडला की कंपनीला अचानक मालात दोष दिसू लागतात. यावर खालचा भाव पक्का ठेवून चढत्या बाजारात वाटा देण्याचा मार्ग निघतो. जळगाव परिसरात निर्जलीकरणासाठी पांढऱ्या कांद्याची करार शेती टिकली, तिच्यात किमान भावाची हमी आणि बाजारभाव वर गेल्यास त्याच्याशी जोडलेला दर, अशी रचना होती. शिवाय या कांद्यात घन पदार्थ जास्त लागतात आणि घरगुती बाजारात मागणी लाल कांद्याला अधिक. म्हणून माल बाहेर नेण्याचा मोहही कमी राहतो.

दुसरी जागा प्रतीची. कारखान्याच्या दारात ट्रक उभा असताना मालाचा काही भाग नाकारला, तर शेतकऱ्याने काय करावे? परत आणण्याचे भाडे त्याच्याच अंगावर पडते, म्हणून मिळेल त्या दराला तो माल सोडून देतो. प्रतवारी गावात, शेतकऱ्यासमोर झाली आणि नाकारलेल्या मालाचा दरही आधीच लिहिला गेला, तर निम्मे तंटे उद्भवतच नाहीत. करारात भावाच्या आकड्याइतकेच महत्त्व या कलमाला हवे. प्रत्यक्षात ते बहुधा शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते, आणि करार इंग्रजीत असेल तर तेही नाही वाचले जात.

बियाणे कोणाचे?

बियाण्यावरून संबंध किती विकोपाला जाऊ शकतात, हे गुजरातमध्ये दिसले. एप्रिल २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने आपल्या एफसी-५ या नोंदणीकृत बटाटा वाणाची परवानगीविना लागवड केल्याबद्दल काही शेतकऱ्यांवर दावे लावले. त्यांपैकी काहींकडे कोटीहून अधिक भरपाईची मागणी होती. २००१ चा वाण संरक्षण कायदा शेतकऱ्याला संरक्षित वाणाचे बियाणेसुद्धा जपण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि ब्रँडच्या नावाशिवाय विकण्याचा हक्क देतो, ही बाब पुढे आल्यावर देशभर ओरड झाली आणि मे महिन्यात दावे मागे घेण्यात आले. डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाने वाणाची नोंदणीच रद्द केली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने जुलै २०२३ मध्ये तो निर्णय उचलून धरला, तर खंडपीठाने जानेवारी २०२४ मध्ये तो फिरवला. कंपनीची नोंदणी टिकली, पण गावागावांत तिच्याविषयी उभा राहिलेला संशय न्यायालयाच्या निकालाने पुसला जाण्यासारखा नव्हता.

कायद्याची बाजू पाहता, २००३ च्या केंद्रीय आदर्श कायद्यात करार शेतीची तरतूद होती व कराराने जमिनीवर कंपनीला कोणताही हक्क मिळणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. महाराष्ट्राने २००६ मध्ये आपल्या बाजार समिती कायद्यात तशी दुरुस्ती केली. २०२० च्या केंद्रीय कायद्याने तंटे उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे सोपवून दिवाणी न्यायालयाचे दार बंद केले. शेतकरी संघटनांच्या रोषाचे ते एक कारण होते. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणी थांबवली आणि वर्षअखेर तिन्ही कायदे रद्द झाले.

या साऱ्यात लहान शेतकऱ्याची सौदाशक्ती वाढते ती एकत्र येण्याने. कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर शेतकरी उत्पादक कंपनी काढणे शक्य झाले. तिच्या व्यक्तिगत सभासदाला, भाग कितीही असले तरी, एकच मत असते. नाशिक जिल्ह्यात मोहाडी येथे विलास शिंदे आणि सहकाऱ्यांनी उभी केलेली सह्याद्री ही त्यातील ठळक कंपनी. द्राक्षांच्या निर्यातीपासून सुरू झालेले तिचे काम टोमॅटोच्या प्रक्रियेपर्यंत गेले. येथे शेतकरी मोठ्या कंपनीच्या दारात माल घेऊन उभा राहत नाही, कारखानाच त्याच्या संस्थेचा असतो आणि खरेदीदारांशी बोलणी संस्था करते. २०२२ मध्ये तिच्या प्रक्रिया उद्योगात युरोपीय गुंतवणूकदारांचे ३१० कोटी रुपये आले.

अर्थात प्रत्येक गटाला मोहाडीचा कारखाना उभारता येणार नाही. शंभर-दोनशे सभासदांच्या गटाला त्याहून साधी कामे करता येतात. गावात तोलकाटा बसवणे, प्रतवारीची शेड बांधणे, कराराची मराठी प्रत प्रत्येकाच्या हाती देणे, पैसे मिळण्याची मुदत लिहून घेणे आणि सभासदत्व घरातल्या स्त्रीच्या नावेही देणे. सातगाव पठारावर बियाणे दरवर्षी पंजाबातून येते आणि लागवडीच्या खर्चात त्याचाच वाटा सर्वांत मोठा. हे बियाणे गटाने स्वतः एकगठ्ठा आणले, की उसनवारीचा पहिला फास सैल होतो.