टरफलांची वाट: बंदरावरून वाडीत

वसईजवळच्या अर्णाळ्याच्या बंदरावर सोड्यांसाठी कोळंबी सोलणाऱ्या बायकांचे हात पाहत राहावेत. डोकं पिरगळून बाजूला, अंगठ्याच्या नखाने टरफल उचलून एका ओढीत वेगळं, गर टोपलीत. गर उन्हात वाळून त्याचे सोडे होतात आणि त्यांना बाजारात चांगला भाव मिळतो. पण टोपलीशेजारचा ढीगही तितक्याच वेगाने वाढत असतो, कारण कोळंबीचं जवळपास निम्मं वजन डोक्या-टरफलातच जातं.

हा ढीग फार वेळ थांबत नाही. उन्हाळ्यात दुपारपर्यंत त्याला वास सुटतो, माश्या घोंघावू लागतात. खाडीत फेकला तर कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतो. घंटागाडीत गेला तर कचराभूमीत दबतो आणि हवेविना कुजून मिथेन सोडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो.

तोच ढीग आगाशी-निर्मळकडच्या केळीच्या वाडीत पोहोचला की खत होतो. मासळीचं खत घालण्याची इथली रीत जुनीच. मी पाहिलेल्या वाडीत केळीच्या बुंध्यापासून हातभर लांब चर खणला होता. त्यात टरफलांचा पातळ थर, वर शेणखत आणि पालापाचोळा, मग वीतभर माती. माती कमी पडली तर रात्री कुत्री उकरतात. टोपली रिकामी करण्याआधी वाडीवाल्या काकांनी आणणाऱ्या मावशींना एकच गोष्ट विचारली, "मीठ लावलेलं नाही ना?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खारवलेलं घातलं तर मुळं जळतात. आणि इथल्या विहिरी आधीच मचूळ होत चालल्यात."

टरफलात कॅल्शियम, प्रथिनं आणि कायटिन हा टणक तंतुमय पदार्थ असतो. कायटिनवर जगणारे सूक्ष्मजीव त्यामुळे मातीत वाढतात. केळीच्या मुळांना छळणाऱ्या सूत्रकृमींच्या अंड्यांच्या कवचातही कायटिनच असतं, तेही हे जीव पोखरतात. नत्र हळूहळू सुटतं, युरियासारखं एकदम नाही. शिवाय युरियाच्या जेवढ्या गोण्या वाचतात, तेवढा तो बनवायला लागणारा नैसर्गिक वायूही वाचतो.

मात्र प्रमाण चुकलं की हेच खत प्रदूषण ठरतं. वसईच्या वाड्यांना पाणी पुरवणारी खणलेली तळी म्हणजे बावखलं. ढीग बावखलाच्या काठावर उघडा राहिला, तर पहिल्या पावसात त्यातलं नत्र आणि स्फुरद पाण्यात उतरतं आणि शेवाळ माजतं. मातीत नत्र गरजेहून जास्त झालं तर नायट्रस ऑक्साइड सुटतो, तो कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे २७० पट तापमानवाढ घडवतो. म्हणून काका थोडं-थोडं घालतात आणि उघडं काही ठेवत नाहीत.

दुसरी मर्यादा समुद्रात पाळायची आहे. कुटीला, म्हणजे खत-खाद्यासाठी विकल्या जाणाऱ्या बारीक मासळीला, भाव मिळतो म्हणून मासळीची पिल्लंच धरू लागलो, तर तो उरलेल्याचा वापर राहत नाही, उद्याच्या मासळीची ती हत्या होते. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिले, ते याच पिल्लांसाठी.

टरफलांतून कायटिन काढण्याचे कारखानेही आहेत. पण त्यांना हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा लागतो, आणि मागे उरणारं पाणी शुद्ध करावं लागतं. इथे चर खणायला फावडं पुरतं, पण त्यासाठी वाडी शिल्लक असावी लागते.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचा लढा उभा राहिला, तो पाणी आणि हिरवाई वाचवण्यासाठी. त्याला आता हेही कारण जोडावं. वाडीचा प्लॉट झाला की केळी तर जातेच, बंदरावरच्या ढिगालाही कचराभूमीशिवाय वाट उरत नाही. स्थानिक प्रशासनाने बंदरावर बिनमिठाच्या टरफलांसाठी वेगळे डबे ठेवावेत, ती त्याच दिवशी वाड्यांत पोहोचतील अशी गाडी लावावी, आणि विकास आराखडा आखताना वाडी ही रिकामी जागा आहे असं धरून चालू नये. शहराचा कचरा पचवण्याचं काम ती आजही करते आहे.