बाईंचा अर्ज

ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर माणसाला आधी कागदांशी लढावं लागतं. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याची छापील प्रत काढून सह्या करायच्या, जोडपत्रं लावायची आणि मुदत संपायच्या आत तहसील कार्यालयात नेऊन द्यायची. आंबेगाव तालुक्याचं तहसील कार्यालय घोडेगावात आहे. मूळचं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, तालुक्याला नाव तेवढं राहिलं. अर्जांच्या दिवसांत घोडेगावात झेरॉक्सच्या दुकानांपुढे रांगा लागतात आणि जीप भरभरून गावं उतरतात. त्या गर्दीत बाईंची फाइल माझ्या हातात होती, कारण त्यांचे दोन्ही हात कुबड्यांवर होते.

बाई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. मी त्यांचा जुना विद्यार्थी. "माझं नाव छापू नकोस," असं त्यांनी बजावलंय, आणि आमच्याकडे नुसतं 'बाई' म्हटलं तरी पुरतं. नोकरीत असताना निवडणूक लढवायची सोय नव्हती. जिल्हा परिषद सेवकांचे वर्तणूक नियम ते करू देत नाहीत. म्हणून अठ्ठावन्न वर्षं पुरी होईतो त्या थांबल्या. पण तोवर काही गप्प बसल्या नव्हत्या. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी पोरांना घेऊन औंधच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत एसटीनं जाणं, यूडीआयडी कार्डांचा पाठपुरावा करणं, ग्रामसभेत उठून हिशेब विचारणं चालूच होतं. हिशेब साधा होता. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करावेत, असा शासनाचा आदेश आहे. पूर्वी तो आकडा तीन टक्के होता. "पाच टक्के म्हणजे किती रुपये आणि ते गेले कुठं?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. तो विचारून विचारून शेवटी त्यांना वाटलं, आपणच टेबलाच्या पलीकडे जाऊन बसावं.

अर्जाचं काम मी जवळून पाहिलं. शौचालय वापराचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला, 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य नसल्याचं घोषणापत्र, निवडणूक खर्चासाठी बँकेत वेगळं खातं, मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं प्रतिज्ञापत्र. अनामत सर्वसाधारण जागेला 500 रुपये, राखीव जागेला 100. संगणकावरचा मुलगा एकेक रकाना मोठ्यानं वाचत होता आणि बाई उत्तरं देत होत्या. मध्येच त्यांनी त्याला थांबवलं. "यात दिव्यांग आहे की नाही, हे कुठं लिहायचं?" त्यानं पडदा वरखाली केला. तसा रकाना नव्हता.

मी नंतर मुद्दाम पाहिलं. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारांना नमुना 26 मध्ये प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात शिक्षण, कर्ज, सोनं, खटले, जोडीदाराचं उत्पन्न, सगळं विचारलंय. अपंगत्वाबद्दल एक ओळ नाही. त्यामुळे आजवर किती दिव्यांग उमेदवार उभे राहिले, याची मोजणी सरकारी कागदांतून होऊच शकत नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजार दिव्यांग मोजले गेले. त्यांच्यातले किती जण मत मागायला बाहेर पडले, ते मात्र कुणी मोजलेलं नाही.

मतदाराच्या बाबतीत हीच यंत्रणा किती बारकाईनं वागते, ते बाईंना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी बीएलओ म्हणून घरोघर फिरून याद्या दुरुस्त केल्या होत्या, दिव्यांग मतदारांच्या नावांपुढे खुणा करवून घेतल्या होत्या. मतदान यंत्रावर ब्रेल आकडे असतात, अंध मतदाराला सोबती नेता येतो, आणि हा सोबती त्या दिवशी दुसऱ्या कुणाचा सोबती होऊ शकत नाही. 2024 च्या विधानसभेला चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना 12-डी अर्ज भरून घरातून मत देता आलं. मतदान पथक पेटी घेऊन दारात आलं. हे सगळं चांगलंच आहे. पण यात दिव्यांग माणूस कायम घेणाऱ्याच्या बाजूला आहे. त्याच्याकडे मत आहे हे मान्य, तो मत मागायला येईल हे मात्र कुणाच्या डोक्यातच आलेलं दिसत नाही.

राखीव जागा स्त्रियांना आहेत, अनुसूचित जाती-जमातींना आहेत, इतर मागासांना आहेत. दिव्यांगांना नाहीत. तमिळनाडूनं 2025 मध्ये कायदा बदलून स्थानिक संस्थांवर दिव्यांगांना नामनिर्देशनानं घ्यायचं ठरवलं. हे बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "नेमणूक करणारा उद्या म्हणेल, मी आणलं म्हणून आलीस." मला त्यांचं म्हणणं अर्धंच पटतं, एकही खुर्ची नसण्यापेक्षा नेमणुकीची खुर्ची बरी. पण 1953 साली साधन गुप्ता कलकत्त्यातून पोटनिवडणूक जिंकून लोकसभेत गेले, ते अंध होते आणि मतं मागून गेले होते, हे बाईंच्या बाजूनं सांगायला हवं.

प्रचार हा खरा घाम काढणारा भाग. आमची घरं उतरणीवर, मधे खाचरं, बांध आणि दगडी पायऱ्या. समोरचा उमेदवार संध्याकाळी पन्नास उंबरे चढून उतरायचा. बाईंनी आळीतला एक ओटा निवडायचा, तिथं बसायचं आणि आम्ही पोरांनी माणसं बोलावून आणायची, असं ठरलं. आधी मला हे कमीपणाचं वाटलं. मग लक्षात आलं, दारात आलेल्या उमेदवाराला लोक चहा विचारून वाटेला लावतात. ओट्यावर मात्र ते टेकतात, बोलतात, निराधार पेन्शनचे अडकलेले कागद काढून दाखवतात. बाईंनी मतं कमी मागितली, अर्ज जास्त भरले.

विरोधकांनी त्यांच्याविरुद्ध वाईट काही म्हटलं नाही. "बाईंना कशाला त्रास द्यायचा, त्यांनी आता आराम करावा," एवढंच गावभर फिरवलं. यावर भांडताही येत नाही. आणि आमच्यातलेच काही "बिचाऱ्या बाईंना एक मत द्या" म्हणू लागले, तेव्हा त्या जाम चिडल्या. बिचारी म्हणून मत दिलं तर उद्या पाच टक्क्यांचा हिशेब मागताना माझं कोण ऐकेल, असं त्यांचं म्हणणं.

लांबच्या वस्त्यांसाठी रिक्षा लावली होती. मतदान झालं, मोजणी झाली, बाई पडल्या. पण जिंकलेल्याला आणि हरलेल्याला, दोघांनाही तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावाच लागतो, नाहीतर अपात्रता येते. सात किंवा नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्याला खर्चाची मर्यादा तेव्हा 25 हजार होती. पायी फिरणाऱ्याचं फिरणं त्यात धरलं जात नाही, बाईंची रिक्षा धरली जाते. इंग्लंडमध्ये 2012 ते 2015 या काळात दिव्यांग उमेदवारांच्या अशा जादा खर्चासाठी सरकारी निधी होता; स्कॉटलंडनं 2016 मध्ये तसाच सुरू केला. आमच्या नमुन्यात रिक्षा 'प्रचार वाहन' या सदरात बसते. बाईंनी पावत्या तारखेप्रमाणे लावल्या, बेरीज दोनदा तपासली आणि सोबत एक वेगळा अर्ज जोडला. दिव्यांग उमेदवाराचा ये-जा करण्याचा खर्च मर्यादेतून वगळावा, अशी मागणी करणारा. हिशेबाची पोच मिळाली. दुसऱ्या अर्जाची पोचही त्यांनी शिक्का मारून मागून घेतली आणि पाच टक्क्यांच्या फाइलीत लावली.