कुंडातली पैज आणि शेतातली पोपटी

गेल्या पंधरवड्यात नवीन पनवेलच्या एका वाचकांचे पत्र आले. वय बावन्न, नोकरी बैठी, रक्तदाबाची एक गोळी चालू. घराजवळच्या व्यायामशाळेत 'सोना बाथ' सुरू झाला आहे, मित्रमंडळी रोज जाऊन घाम गाळून येतात. आपणही जावे का, आणि त्याने वजन उतरते का, असे त्यांनी विचारले आहे.

आधी नावाचे सांगतो. तो शब्द सोना नव्हे, सौना. सोने तिथे फक्त मालकाला दिसते. शब्द फिनलंडचा आहे. लाकडी खोली, कोपऱ्यात भट्टी, भट्टीवर तापलेले दगड आणि भिंतीला लागून बसायची फळी, एवढाच सरंजाम. पत्राचे उत्तर देतोच. पण त्याआधी माझी स्वतःची एक गोष्ट सांगायला हवी. या विषयात मी एकदा साफ चुकलो आहे आणि ती चूक झाकून तुम्हाला पथ्ये सांगणे मला बरे वाटत नाही.

आमच्या पळस्पे फाट्याला पुण्याचा जुना रस्ता आणि गोव्याचा रस्ता एकमेकांचा निरोप घेतात. आम्ही पाच मित्र एकाच शाळेत शिकलो आणि पुढे वेगवेगळ्या वाटांना लागलो. एक मास्तर झाला, एकाने गॅरेज टाकले, एक किराणा दुकानात बसला, एकाने ट्रक घेतला (त्याला आम्ही अजून ड्रायव्हरच म्हणतो) आणि मी दवाखाना थाटला. डिसेंबरातला एक रविवार मात्र पाचही जणांचा. पहाटे फाट्यावर चहा घ्यायचा, गोव्याचा रस्ता धरायचा, कर्नाळा, पेण, वडखळ, नागोठणे मागे टाकून वाकण फाट्याला पालीकडे वळायचे. पालीजवळ उन्हेरे येथे गरम पाण्याची कुंडे आहेत, तिथे मनसोक्त डुंबायचे. दुपारी परतायचे आणि संध्याकाळी ड्रायव्हरच्या शेतात पोपटी लावायची. गेली कित्येक वर्षे हा नेम चुकलेला नाही.

कोकणाला हे गरम पाण्याचे देणे भरपूर मिळाले आहे. उत्तरेस वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. आपल्या रायगडात उन्हेरे आणि महाडजवळचे सव. पुढे दापोली तालुक्यातले उन्हवरे, संगमेश्वराकडचे आरवली व तुरळ आणि थेट राजापूर. सह्याद्रीच्या पायथ्याशी ही झऱ्यांची ओळच लागली आहे. खाली ज्वालामुखी धगधगतो आहे अशी पुष्कळांची समजूत असते, ती खरी नाही. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि भेगांच्याच वाटेने वर येते. येताना गंधकादी द्रव्ये घेऊन येते, म्हणून तो वास. थंडीत पहाटे कुंडावर वाफ तरंगत असते, पाण्यात पाय घालताच अंगावर शहारा येतो, आणि दोन मिनिटांत गळ्यापर्यंत पाण्यात बसलेला माणूस जगाशी भांडण मिटवून टाकतो. सांधे आणि पाठ धरलेल्यांना त्याने आराम पडतो यात शंका नाही. उष्णतेने स्नायू सैलावतात, पाण्यात शरीराचा भार हलका होतो. रोग मुळापासून जातो असे मात्र कोणी सांगितले तर मान डोलवू नये.

चार वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात गॅरेजवाल्याने पैज लावली: सर्वांत जास्त वेळ कोण बसतो ते पाहू. हरणाऱ्याने रात्रीच्या कोंबडीचे पैसे द्यायचे. पंच कोण? अर्थात डॉक्टर. मीही उत्साहाने घड्याळ काढून कठड्यावर बसलो. दहा मिनिटांनी दुकानदार बाहेर आला, पंधराव्या मिनिटाला मास्तर, मग गॅरेजवाला. ड्रायव्हर लालबुंद होऊन बसलेला. मी मिनिटे मोजत होतो, "वीस... बावीस..." पंचविसाव्या मिनिटाला तो हात उंचावून विजयी वीरासारखा ताडकन उभा राहिला आणि तसाच पायरीवर कोसळला. मास्तर शेजारी होता, त्याने काखेत धरले म्हणून डोके दगडावर आपटले नाही. मागे पाण्यात पडला असता तर काय, हा विचार मी अजून पुरा करीत नाही.

त्याला सपाट निजवले, पाय मास्तरच्या मांडीवर उंच ठेवले, ओला पंचा कपाळावर व मानेवर घातला. नाडी बारीक, धावती. दोनेक मिनिटांनी डोळे उघडून म्हणाला, "काय नाय झाला डाक्टर, जरा भवल आली." पूर्ण शुद्धीवर आल्यावर त्याला घोटघोट पाणी पाजले. आणि तेव्हा मला आठवले की आठवड्यापूर्वी याची रक्तदाबाची गोळी मीच बदलली होती. नवीन गोळी लघवी वाढवणारी, म्हणजे अंगातले पाणी कमी करणारी. शिवाय आदल्या रात्री लग्नात याची थोडी 'बैठक' झाली होती, आणि कुंडातून निघाल्यावर मिसळ हाणायची म्हणून सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नव्हते. हे सगळे मी पैजेआधी विचारले असते तर कळले असते. विचारले नाही. घड्याळ लावून बसलो.

झाले काय, तर गरम पाण्यात त्वचेखालच्या रक्तवाहिन्या फुलतात आणि रक्तदाब उतरतो. बसलेला असेपर्यंत पाण्याचा दाब पायांना आधार देतो. माणूस एकदम उठला की तो आधार सुटतो, रक्त पायांकडे धावते आणि मेंदूला क्षणभर कमी पडते. गोळी, दारू, उपाशी पोट आणि घामाने गेलेले पाणी, या चारही गोष्टी त्याच दिशेने ढकलतात. ड्रायव्हरच्या अंगात त्या चारही हजर होत्या.

असल्या पैजेचा सगळ्यात वाईट शेवट फिनलंडने पाहिला. हैनोला या गावी सौनात जास्तीत जास्त वेळ बसण्याची जागतिक स्पर्धा भरत असे. 2010 च्या अंतिम फेरीत, 110 अंश सेल्सियसच्या खोलीत, दोघे स्पर्धक कोसळले. एक दगावला, दुसरा भाजून गंभीर झाला. त्यानंतर ती स्पर्धा पुन्हा भरली नाही.

एरवी मात्र फिनलंडची माणसे सौनात शर्यत लावत नाहीत, गप्पा मारतात. जेमतेम पंचावन्न लाख वस्तीच्या त्या देशात तीस लाखांच्या वर सौने असल्याचे सांगतात. ऐंशी ते शंभर अंशांची कोरडी हवा. मधूनमधून तापल्या दगडांवर पळीभर पाणी ओतायचे, वाफ उठते. भूर्जाच्या पालेदार डहाळ्यांनी अंगावर हलके मारून घ्यायचे. दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर पडून गार व्हायचे, पुन्हा आत जायचे, आणि शेवटी निखाऱ्यावर भाजलेले मांसाचे सॉसेज सगळ्यांनी मिळून खायचे. पूर्वी खेड्यांत बाळंतपणेही सौनातच होत, कारण घरातली सर्वांत ऊबदार आणि स्वच्छ जागा तीच. आपल्याकडची बाळंतिणीची न्हाणी आणि शेक आठवला ना? युनेस्कोने 2020 मध्ये या सौना संस्कृतीची मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

आपल्यालाही ही गोष्ट परकी नाही. चरकसंहितेत सूत्रस्थानाचा चौदावा अध्याय संपूर्ण घाम काढण्याविषयी आहे. त्यात स्वेदनाचे तेरा प्रकार आहेत, आणि त्यातला 'जेन्ताक' वाचताना तर आपण फिनलंडचेच वर्णन वाचतो आहोत असे वाटावे. पाण्याच्या काठी मातीने लिंपलेली गोल खोली, भिंतीला लागून सगळीकडून ओटा, मध्ये खैराच्या लाकडांची भट्टी. धूर पूर्ण निघून गेल्यावर अंगाला तेल लावलेल्या माणसाने आत शिरायचे. बाहेर आल्यावर लगेच गार पाण्याला शिवायचे नाही; थोडा वेळ जाऊ द्यायचा, थकवा उतरला की सोसवेल अशा कोमट पाण्याने न्हायचे आणि मग जेवायचे. घाम कोणाला काढू नये त्याचीही यादी आहे. नित्य मद्य घेणारे, गर्भवती, अतिसार झालेले, मधुमेही. ड्रायव्हरला कोसळताना पाहून घरी आल्यावर मी तो अध्याय पुन्हा उघडला. त्यातली निम्मी पथ्ये आम्ही एका सकाळी मोडली होती.

दिवाळीच्या पहाटेचे आपले अभ्यंग तरी दुसरे काय असते? तिळाचे तेल, उटणे, पायाखाली फोडलेले कारीट, बंबातले कढत पाणी घंगाळात काढून सोसवेल असे विसणलेले. बंब मागच्या अंगणात असे, धूर आभाळात जाई. आता बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर असतो आणि खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेले. त्यातून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू साचतो. त्याला ना रंग ना वास, आणि माणूस आंघोळ करता करता जातो. खिडकीचा तो कागद आजच काढा. गीझरच बाहेर बसवून घेतलात तर उत्तम.

आता पत्राचे उत्तर. 2015 मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात फिनलंडच्या 42 ते 60 वर्षे वयाच्या 2,315 पुरुषांचा सुमारे वीस वर्षांचा अभ्यास आला. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक मृत्यू येण्याचे प्रमाण एकदाच घेणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले. आनंदाची गोष्ट, पण ज्याला रोज जाणे जमते तो मुळातच धडधाकट असेल, हेही त्यात धरले पाहिजे. शिवाय ती हवा कोरडी. आपल्या दमट हवेत, त्यातून वाफेच्या खोलीत, घाम अंगावरच राहतो, सुकत नाही, म्हणून अंग फार लवकर तापते. तेव्हा तिथली मिनिटे इथे मोजू नका.

रक्तदाब आटोक्यात असेल, गोळी नुकतीच बदललेली नसेल आणि छातीत दुखत नसेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारून जा. सुरुवात पाच-सात मिनिटांनी करा. आधी पाणी प्या, नंतरही प्या. भरल्या पोटी नको, अगदी रिकाम्या पोटीही नको. गळ्यातली साखळी काढून ठेवा, ती तापून चटका बसतो. उठताना आधी पाय हलवा, मग धरून उभे राहा. डोके हलके वाटले, छाती धडधडली की बाहेर, लाज नको. दारू घेतलेल्या दिवशी आणि आदल्या रात्री झालेली असेल तरी आत जायचे नाही. एकटे तर कधीच नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर उष्णतेने अचानक उतरू शकते आणि ज्यांचे तळपाय बधिर आहेत त्यांना भाजलेले कळत नाही, म्हणून मधुमेह्यांनी जास्त जपावे. हृदयाची झडप अरुंद असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि तापात कोणीही जाऊ नये. कुंडात डोके बुडवून नाकात पाणी ओढू नका. कोमट गोड्या पाण्यातला एक अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत जातो. केरळात 2024 आणि 2025 मध्ये असे रुग्ण सापडले. आणि वजन? काट्यावर जे उतरलेले दिसते ते पाणी. दोन पेले प्यालात की परत चढते.

त्या दिवशी आम्ही संध्याकाळी पळस्प्याला परतलो तेव्हा वहिनी, म्हणजे ड्रायव्हरची पत्नी, मडके धुऊन तयार बसल्या होत्या. चौघे मित्र एकदम गप्प बघून त्यांनी ओळखले. सगळे ऐकून घेतल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही तर डॉक्टर ना?" त्या रात्री पोपटी लागली नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही गेलो ते नियम करून. सकाळी फाट्यावर चहाबरोबर दोन इडल्या. कुंडात दहा मिनिटे, तीही पायरीवर बसून. ड्रायव्हर फक्त गुडघ्यापर्यंत पाय सोडतो आणि बाकीच्यांची मिनिटे मोजतो. पंच आता तो आहे. बाटली दिवसभरात नाही, रात्रीही नाही. गॅरेजवाला यावर पहिल्या वर्षी रुसला होता.

ज्यांनी पोपटी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. भात कापल्यावर शेतातल्या ओलीवर वाल पेरतात. त्याच्या शेंगा भरल्या की पनवेल, पेण, अलिबागकडे पोपटीचे दिवस आले. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडे मीठ, ओवा. मध्ये बटाटे, रताळी, अंडी, मसाला लावून पानात गुंडाळलेली कोंबडी. वर पुन्हा पाला दाबून तोंड बंद. मडके पालथे घालून भोवती पेंढा, काटक्या, गवऱ्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. शेंगांच्या अंगच्या ओलाव्यावर आणि पाल्याच्या वाफेवर सगळे शिजते. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचे. चर्र होऊन लगेच सुकले की तयार. कोंबडी हाडाजवळ लाल दिसली तर खाऊ नये, पुन्हा शिजवावी. वाल वातूळ, पण ओवा त्याची बाजू सांभाळतो. मास्तर शाकाहारी, त्याचे मडके निराळे. शेजारच्या दोन शेतांत प्लॉट पडल्याने वाल आता निम्मेच होतात, म्हणून रताळी जरा जास्त घालावी लागतात.

यंदा भांबुर्डा आणायला ड्रायव्हर स्वतः बांधावर गेला. मडके उलटले तेव्हा वाफेचा लोट आला आणि चष्म्यावर धुके बसले, मला काही दिसेना. कोणीतरी तळहातावर गरम सोललेली शेंग ठेवली. चष्मा पुसून पाहिले तर वहिनी. चार वर्षांत पहिली शेंग त्यांनी मला दिली नव्हती.